वाचकांचे प्रश्न : विमानाचे वय आणि आसनाचे वय

‘बिझनेस क्लासचे तिकीट काढण्यापूर्वी विमान कोणते आहे ते पाहून घ्यावे’ असे एक वाक्य मागील अंकात मी ओघात लिहून गेलो, आणि त्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे हे सदर पूर्णपणे त्याच विषयाला द्यावे लागत आहे. बहुतेक पत्रांचा नमुना एकच आहे. परदेशी असलेल्या मुलाने किंवा मुलीने आईवडिलांना आशियातील एखाद्या कंपनीचे महागडे तिकीट काढून दिले आहे, विमान पंधरा-वीस वर्षांचे आहे असे कुणीतरी सांगितले आहे, आणि तेव्हापासून घरात बॅगा भरण्याऐवजी चर्चा चालू आहे.

प्रश्न : माझा मुलगा टोकियोला नोकरी करतो. त्याने आम्हा दोघांसाठी मुंबई–सिंगापूर–टोकियो असे सिंगापूर एअरलाइन्सचे बिझनेस क्लासचे तिकीट काढले आहे. दुसऱ्या टप्प्यावर विमानापुढे ‘७७डब्ल्यू’ असे लिहिले आहे. शेजाऱ्यांच्या जावयाचे म्हणणे असे, की हे जुने विमान असून पैसे वाया गेले. पत्नीचे वय अडुसष्ट आहे व तिचे गुडघे दुखतात. तिला आडवे झोपता येईल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ‘७७डब्ल्यू’ म्हणजे बोइंग ७७७-३००ईआर. हा प्रकार २००४ मध्ये सेवेत आला आणि सिंगापूर एअरलाइन्सकडे तो २००६ पासून आहे, त्यामुळे जावईबापूंची माहिती चुकीची नाही. त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. तिकिटावर विमानाचा प्रकार छापलेला असतो, आसनाचा नसतो, आणि सारी गोम तिथे आहे. विमान वीस-पंचवीस वर्षे उडते. त्यातील आसने त्या अवधीत एकदा, क्वचित दोनदा बदलली जातात, आणि काही कंपन्या ती मुळीच बदलत नाहीत. म्हणून विमानाच्या जन्मसालापेक्षा आसन कोणत्या पिढीचे आहे, हे विचारणे अधिक उपयोगाचे.

या पिढ्या कशा झाल्या ते थोडक्यात सांगतो. पूर्वी बिझनेस क्लासचे आसन म्हणजे पाय वर घेणारी, ऐसपैस आरामखुर्ची असे. २००० साली ब्रिटिश एअरवेजने या वर्गात पूर्ण सपाट होणारा पलंग आणला आणि इतरांची पंचाईत झाली, कारण माणूस सपाट झोपवायचा तर सहा फुटांहून अधिक लांबी लागते आणि तेवढी जागा द्यायची तर आसनांची संख्या घटते. मधला मार्ग म्हणून अनेक आशियाई कंपन्यांनी पुढच्याच एक-दोन वर्षांत असे आसन आणले, जे सरळ तर होते, पण जमिनीला समांतर होत नाही. डोके वर, पाय पुढच्या आसनाखाली. सिंगापूरने २००२ मध्ये आणलेले आसन याच जातीचे होते. जाहिरातीत त्याला पलंगच म्हणत, पण त्यावर झोपलेला माणूस रात्रभर घसरगुंडीवर असल्याप्रमाणे हळूहळू खाली सरकत राहतो आणि दर तासाने कोपरांवर जोर देऊन स्वतःला वर ओढून घेतो. जुन्या विमानातील बिझनेस क्लासबद्दल ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यातील निम्म्याहून अधिक या एका आसनाच्या आहेत, असे माझे मत आहे.

आपल्या पत्नीला हे आसन मिळणार नाही. सिंगापूरने ७७७-३००ईआर घेतले तेव्हाच त्यात पूर्ण सपाट होणारी आसने बसवली. एका ओळीत चारच, म्हणजे एक-दोन-एक अशी मांडणी असल्यामुळे कुणालाही शेजाऱ्याला ओलांडून जावे लागत नाही. पहिल्या आवृत्तीत आसनाची रुंदी ३० इंच होती, २०१३ च्या सुधारित आवृत्तीत ती २८ इंच झाली; दोन्ही इतकी ऐसपैस की सडपातळ व्यक्ती त्यात मांडी घालून बसू शकते.

आता गुडघ्यांचा प्रश्न, कारण त्याबद्दल कुणी सांगत नाही. हे आसन बटण दाबून पलंग होत नाही. बसल्याजागी ते थोडेसे मागे कलते, पण झोपायचे असेल तर उठून मार्गिकेत उभे राहावे लागते, पाठीचा भाग पकडून पुढे आणि खाली ओढावा लागतो, मग तो उलटा होऊन त्याच्या मागच्या बाजूला असलेली गादी वर येते. हे काम हवाई परिचारिका आनंदाने करून देते. पण रात्री पाणी प्यायला किंवा पाय मोकळे करायला उठून बसायचे झाले, तर अंथरूण तसेच राहते आणि टेकायला पाठ नसते. भिंतीला उशी लावून बसावे लागते. दुसरे असे, की पाय ठेवण्याचा कोनाडा समोरच्या आसनामागे एका कोपऱ्यात आहे, त्यामुळे अंग तिरके करून झोपावे लागते. एका कुशीवर झोपणाऱ्याला हे सोयीचे, उताणे झोपणाऱ्याला कमी. यावर उपाय एकच : विभागातील अगदी पहिल्या ओळीत पाय ठेवायला आसनाच्या पूर्ण रुंदीचा बाक असतो आणि तिथे सरळ झोपता येते. तान्ह्या बाळांच्या पाळण्याची सोयही बहुधा पहिल्याच ओळीत असते, एवढी जोखीम पत्करून ती जागा आजच निवडून टाकावी. आणि चाकाच्या खुर्चीची मागणी निदान ४८ तास आधी नोंदवावी; ती विनामूल्य आहे आणि ती मागण्यात कमीपणा काही नाही. सिंगापूरला एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंतचे चालणे हे त्या संपूर्ण प्रवासातील सर्वांत कष्टाचे काम ठरू शकते.

जाता जाता एक सावधगिरीची सूचना. ओळीत सात आसने म्हणजे वाईट, असा सरसकट नियम काही जण सांगतात. तोही खरा नाही. जपान एअरलाइन्सने २०१३ पासून आपल्या ७७७-३००ईआर विमानांत दोन-तीन-दोन अशी मांडणी केली, पण आसने पुढेमागे अशी सरकवून बसवली की खिडकीजवळच्याला आणि मधल्यालाही मार्गिकेत जायला स्वतःची वाट राहते. हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकची उलट गोष्ट : त्यांच्या लांब पल्ल्याच्या ७७७-३००ईआर विमानांत २०११ पासून एक-दोन-एक आणि पूर्ण सपाट, तर आशियातल्या आशियात फिरणाऱ्या साध्या ७७७-३०० मध्ये दोन-तीन-दोन आणि आरामखुर्ची. कंपनी एक, वर्गाचे नाव एक, बाहेरून विमानही जवळजवळ एकसारखे. म्हणून केवळ आकडा पाहू नये. आसनांचा नकाशा उघडून ओळी एकमेकींच्या अगदी समोर आहेत की तिरप्या आहेत, ते पाहावे.

प्रश्न : आसनाचे राहू द्या. वीस वर्षांचे विमान सुरक्षित असते का? आमच्या एस.टी.ची जुनी गाडी घाटात बंद पडते, तेव्हा निदान खाली उतरता येते.
— एक निवृत्त शिक्षक, सोलापूर

उत्तर : आपल्या प्रश्नातला उपहास मला आवडला, पण एस.टी.ची उपमा पुढे जाऊ शकत नाही, कारण एस.टी.चे आयुष्य किलोमीटरमध्ये मोजतात आणि विमानाच्या सांगाड्याचे मुख्यतः उड्डाणांच्या संख्येत. प्रत्येक उड्डाणात केबिनमध्ये हवेचा दाब भरला जातो आणि उतरताना सोडला जातो. धातूची कातडी प्रत्येक वेळी किंचित फुगते आणि पूर्ववत होते. तार वारंवार वाकवली की ती ज्या कारणाने तुटते, त्याच कारणाने ही कातडी थकते. एप्रिल १९८८ मध्ये हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चे छत उड्डाणात उडून गेले व एक हवाई परिचारिका मृत्युमुखी पडली. ते विमान एकोणीस वर्षांचे होते, पण खाऱ्या हवेत एका बेटावरून दुसऱ्या बेटावर अशा छोट्या फेऱ्या मारून त्याची सुमारे ९० हजार उड्डाणे झालेली होती. लांब पल्ल्याचे विमान दिवसाला दोन उड्डाणे करते असे धरले, तरी वीस वर्षांत साडेचौदा हजारांच्या आसपास होतात. वय तेच, थकवा मात्र कितीतरी कमी.

मी तीस वर्षे विमानदेखभालीच्या कामात काढली आहेत आणि मला वयाची भीती वाटत नाही; मला भीती वाटते ती चुकीच्या दुरुस्तीची. आशियातील दोन अपघात शेजारी ठेवून पाहावेत. ऑगस्ट १९८५ मध्ये टोकियोहून ओसाकाला निघालेले जपान एअरलाइन्सचे बोइंग ७४७ डोंगरावर कोसळून ५२४ पैकी ५२० जण गेले. मे २००२ मध्ये तैपेईहून हाँगकाँगला निघालेले तैवानच्या चायना एअरलाइन्सचे बोइंग ७४७ समुद्रावर आकाशातच तुटले आणि २२५ जण गेले. पहिले विमान अकरा वर्षांचे, दुसरे बावीस वर्षांचे. पण दोघांचे दुखणे एकच : पूर्वी कधीतरी उतरताना शेपूट धावपट्टीवर घासले होते, पहिल्याचे १९७८ मध्ये ओसाकाला आणि दुसऱ्याचे १९८० मध्ये हाँगकाँगला, आणि त्यानंतरची दुरुस्ती नियमाप्रमाणे झाली नव्हती. जपानी विमानात शेपटाकडचा, हवेचा दाब अडवून धरणारा घुमट जोडताना एकसंध पट्टी बसवायला हवी होती. ती दोन तुकड्यांत बसवली गेली आणि रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, दोन ओळींनी वाहायचा भार एका ओळीवर आला. ती दुरुस्ती स्वतः बोइंगच्या माणसांनी केली होती. तैवानच्या विमानात ओरखडे पडलेला पत्रा कापून न काढता त्यावर ठिगळ लावले गेले, आणि त्या ठिगळाखाली भेगा बावीस वर्षे कुणाला न दिसता वाढत राहिल्या.

म्हणून विमानाचे वय विचारण्यापेक्षा कंपनी देखभालीत कशी आहे हे विचारावे. मोठ्या तपासणीच्या वेळी विमान काही आठवडे हँगरमध्ये उभे असते, आतील आसने आणि भिंतींचे पत्रे काढून सांगाडा उघडा केला जातो. इंजिने तर विमानाबरोबर म्हातारी होतच नाहीत, ती काढून, उघडून, नवे भाग घालून दुसऱ्याच विमानाला लावली जातात. त्या तपासणीनंतर वीस वर्षांच्या विमानात मी माझ्या नातवंडांना निःशंकपणे बसवले आहे.

प्रश्न : हाँगकाँगहून परतताना एवढे महागडे तिकीट असूनही घसा कोरडा पडला, पाय सुजले आणि दोन दिवस डोके जड होते. नव्या विमानात असे होत नाही म्हणतात, हे खरे का?
— एक वाचक भगिनी, मडगाव

उत्तर : बरेचसे खरे आहे. विमानात हवेचा दाब समुद्रसपाटीइतका ठेवत नाहीत. ठेवला तर वर सांगितलेला थकवा वाढतो. ॲल्युमिनियमच्या सांगाड्याच्या विमानांत, म्हणजे ७७७, ७४७, ए३३०, ए३४० यांत, केबिनमधील दाब आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका खाली जाऊ शकतो. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० यांचे सांगाडे मुख्यतः कार्बन तंतूंच्या मिश्रणाचे असल्याने तिथे ही मर्यादा सहा हजार फूट ठेवता आली. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर म्हणजे सुमारे ५,४०० फूट आहे. नव्या विमानात आपण त्याच्या थोडेसे वर बसलेल्या असता, जुन्यात जवळजवळ दीडपट उंचीवर. ओलाव्याचेही तसेच आहे : धातू गंजू नये म्हणून जुन्या विमानात हवा कोरडी ठेवावी लागते, आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्या खालीच असते. या हवेत बिझनेस क्लास आणि इकॉनॉमी असा भेद नसतो. भेद असतो तो पाय वर घेता येण्यात. म्हणून पाय सुजले असतील तर आपण आसन पुरेसे आडवे केले नसावे किंवा फार वेळ बसून चित्रपट पाहिले असावेत. फुकट मिळते म्हणून शॅम्पेनचा दुसरा पेला घेणे, हे कोरड्या घशाचे आणखी एक कारण. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असेल त्यांनी मात्र या फरकाबद्दल आपल्या डॉक्टरांशी आधी बोलावे.

एका बाबतीत मी जुन्या विमानाच्या बाजूने आहे. त्याच्या खिडकीला हाताने ओढायची झडप असते. ७८७ मध्ये काच विजेवर काळी-निळी होते आणि ती कधी उजळायची हे पुष्कळदा कर्मचारी ठरवतात. पहाटे बंगालच्या उपसागरावर उजाडताना पाहण्याची ज्याला हौस आहे, त्याने जुन्याच विमानात बसावे.

प्रश्न : जेवणासाठी ‘हिंदू मील’ निवडले आणि समोर कोंबडी आली. आम्ही शाकाहारी. चूक कुणाची?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : चूक नावाची. विमानकंपन्यांच्या भाषेत ‘हिंदू मील’ म्हणजे गोमांस नसलेले, पण मांसाहारी जेवण. आपल्याला हवे असते ते ‘एशियन व्हेजिटेरियन’, आणि कांदा-लसूण चालत नसेल तर ‘जैन मील’. बिझनेस क्लासमध्ये समोर छापील पदार्थपत्रिका येते, त्यामुळे आधी नोंदवण्याची गरज नाही असे अनेकांना वाटते. पण विमानात बदली ताटे मोजकीच असतात. बाकी, त्या उंचीवर मीठ आणि गोड दोन्ही जिभेला कमी लागतात, तेव्हा आमटी अळणी वाटली तर स्वयंपाक्याला बोल लावू नये.

प्रश्न : मुंबई–बँकॉक प्रवासात ऐनवेळी विमान बदलले. सपाट पलंगाऐवजी साधी आरामखुर्ची मिळाली. शिवाय माझी पत्नी आणि मी एका वर्गात असलो तरी मेव्हण्याला इकॉनॉमीत बसवले. भरपाई मिळते का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपली आणि मेव्हण्यांची बाब वेगळी आहे. प्रवाशाच्या इच्छेविरुद्ध खालच्या वर्गात बसवल्यास काय द्यायचे, याचा नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू केला आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाण १,५०० किलोमीटरपर्यंतचे असेल तर करांसह तिकिटाच्या किमतीच्या ३० टक्के, १,५०० ते ३,५०० पर्यंत ५० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के. मुंबई–बँकॉक अंतर सुमारे ३,००० किलोमीटर आहे, म्हणजे मेव्हण्यांनी निम्मी रक्कम मागावी. (सिंगापूरला निघाले असते तर ७५ टक्क्यांत बसले असते.) विमानतळावर मिळालेला नवा बोर्डिंग पास जपून ठेवावा, तोच पुरावा, आणि वर्ग बदलण्यास आपली संमती होती असे काही सही करून दिले असेल तर मागणी कमकुवत होते.

आपल्या दोघांचा वर्ग बदललेला नाही, फक्त विमान बदलले, आणि तिकिटाच्या अटींत विमानाच्या प्रकाराची हमी कोणतीच कंपनी देत नाही. इथे हक्क नाही, विनंती आहे. विनंतीचे पत्र मात्र जरूर लिहावे, कारण कंपन्या अशा वेळी माइल्स (पुढील तिकिटासाठी वापरता येणारे गुण) किंवा पुढील प्रवासाची सवलत देतात.

माझ्याही बाबतीत एकदा असे झाले. कंपनीचे नाव घेत नाही. रात्रीचे विमान, आसन त्याच घसरगुंडीच्या पिढीचे, आणि माझे अर्ध्यावर गेले नि तिथेच अडकले. ना वर, ना खाली. मुख्य परिचारिकेने आधी त्या आसनाची वीज बंद करून पुन्हा चालू केली, ती युक्ती चालली नाही, तेव्हा ती गुडघ्यांवर बसून आसनाखाली हात घालून यांत्रिक खटका शोधू लागली. तो खटका कुठे असतो हे मला माहीत होते, कारण तसली आसने मीच कधीकाळी उघडली होती, पण त्या गृहस्थपणाच्या पोशाखात खाली वाकणे मला जमेना. शेवटी मी सांगत गेलो आणि ती चाचपडत गेली, आणि आसन सरळ झाले ते पुन्हा मागे गेलेच नाही. मी टोकियोपर्यंत ताठ बसून गेलो. म्हणून आता मी विमान दारापासून हलण्यापूर्वीच आसन एकदा पूर्ण आडवे करून परत सरळ करतो. शेजारी बघतात, पण त्या वेळी जागा बदलून मिळू शकते. उड्डाणानंतर मिळेलच असे नाही.

प्रश्न : लहानपणी सांताक्रूझला जम्बो पाहायला वडील घेऊन जात. त्याच्या वरच्या मजल्यावर बसण्याची इच्छा राहून गेली. अजून शक्य आहे का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : एअर इंडियाचा पहिला जम्बो, म्हणजे बोइंग ७४७, १९७१ मध्ये आला; खिडक्यांभोवती झरोक्यांची लाल नक्षी असलेले ते ‘आकाशातले राजवाडे’ आपल्या आठवणीत असणारच. त्यांचे शेवटचे ७४७-४०० एप्रिल २०२४ मध्ये मुंबईहून पंख हलवून निरोप घेत अमेरिकेला गेले, तेही प्रवाशांशिवाय. सिंगापूरने ७४७ ची प्रवासी सेवा २०१२ मध्ये, कॅथेने २०१६ मध्ये थांबवली. आशियात हा मजला आता मोजक्याच कंपन्यांकडे उरला आहे; त्यांतील एक कोरियन एअर, ७४७-८ या शेवटच्या आवृत्तीत, आणि वरचा संपूर्ण मजला तिथे बिझनेस क्लासचाच आहे. त्यांनीही २०२४ मध्ये त्यातील पाच विमाने विकली, तेव्हा विचार फार लांबवू नये. सोल गाठावे लागेल. वर गेल्यावर खिडकीजवळची जागा घ्यावी : तिथे भिंत आत झुकलेली असल्यामुळे आसन आणि खिडकी यांच्यामध्ये झाकणाचा लांब कप्पा असतो, त्यात चष्मा, पुस्तक, चपला सगळे मावते, आणि झाकणावर कोपर टेकवून बाहेर पाहता येते.